हिरवी इमारत कोणाच्या हातची?

दहावी-बारावीचे निकाल लागले की करिअर मार्गदर्शनाच्या मेळाव्यांत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. पर्यावरणासाठी काहीतरी करायचं आहे, बांधकामातही रस आहे, तर काय शिकायचं? उत्तरही बहुधा ठरलेलं असतं. आर्किटेक्चर किंवा सिव्हिल करा, मग ग्रीन बिल्डिंगची एखादी परीक्षा द्या आणि सल्लागार कंपनीत नोकरी मिळवा. हे उत्तर खोटं नाही. अशा नोकऱ्या आहेत आणि त्या प्रामाणिकपणे करणारी माणसंही आहेत. पण इमारत हिरवी होते ती कागदावर, असं हे उत्तर गृहीत धरतं, आणि तिथंच ते त्या मुलाला किंवा मुलीला भलत्या वाटेला लावतं. या क्षेत्रातलं मुख्य काम साइटवर सुरू होतं आणि इमारतीत माणसं राहायला आल्यावर पुढे कितीतरी वर्षं चालू राहतं. ज्याला हे काम करायचं आहे त्यानं शिकायची सुरुवात तिथूनच केली पाहिजे. आणि तिथं आधीपासून राबणाऱ्या हातांना शिकायची, वर चढायची वाट करून देणं, ही आपल्या सगळ्यांची जबाबदारी आहे.

आधी कार्बनचा हिशेब पाहू. शंभर किलो शुद्ध चुनखडी भट्टीत भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टी कोळशावर चालवा की सौर विजेवर, हे ४४ किलो निघणारच, कारण ते दगडाच्या पोटातलेच आहेत. सिमेंटचा क्लिंकर करायला भट्टी १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते, त्या इंधनाचा धूर वेगळा. म्हणून जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के भरतो. सिमेंट बनवण्यात चीनच्या खालोखाल आपलाच देश आहे. पोलादाचं तसंच. आपल्याकडे एक टन पोलादामागे साधारण अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो. डिसेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारनं ‘हरित पोलाद’ कशाला म्हणायचं याची व्याख्या केली, तेव्हा वरची मर्यादा टनाला २.२ टन अशी ठरवली. हे झालं बांधतानाचं. त्यानंतर पंखे, दिवे, पंप, लिफ्ट आणि आता घरोघरी आलेले एसी यांची वीज इमारत असेपर्यंत जळत राहते.

हा हिशेब वाचून कुणालाही वाटेल की उपाय कारखान्यात आणि मंत्रालयात आहे. काही अंशी आहेच. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून क्लिंकरचं प्रमाण निम्म्यावर आणणारं ‘एलसी३’ सिमेंट स्वित्झर्लंडच्या आणि आपल्या आयआयटींच्या संशोधकांनी मिळून विकसित केलं. २०२३मध्ये त्याला भारतीय मानकही मिळालं. चिकणमाती भाजायला आठशे अंशांच्या आसपासचं तापमान पुरतं. पण हे सिमेंट गोणीतून बाहेर पडल्यावर ते कोणाच्या हाती जातं? काँक्रीट ओतायला सोपं जावं म्हणून साइटवर सर्रास जादा पाणी घातलं जातं. पाणी वाढलं की ताकद घटते, म्हणून मग एखादी गोणी जास्त टाकली जाते. सळईखाली कव्हर ब्लॉक ठेवला नाही तर सळई काँक्रीटच्या कडेला येते, चार पावसाळ्यांत ओल तिच्यापर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे सुटू लागतात. सात दिवस पाणी मारायचं तिथं दोन दिवसांत आटोपलं, तर पृष्ठभाग भुसभुशीत राहतो. यातली एकही गोष्ट हरित मानांकनाच्या चर्चेत ठळकपणे येत नाही. पण साठ वर्षं टिकायची इमारत तिशीतच पाडावी लागली तर तेवढंच सिमेंट, तेवढंच पोलाद पुन्हा लागतं. कव्हर ब्लॉक जागेवर आहे की नाही हे बघणारा सुपरवायझर मला म्हणूनच या क्षेत्रातला महत्त्वाचा माणूस वाटतो, मग त्याच्या पदनामात ‘ग्रीन’ हा शब्द असो वा नसो.

मानांकनांवर अन्याय करायचा नाही. इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल २००१ साली सुरू झाली. हैदराबादमधलं सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर २००३ साली अमेरिकेबाहेर ‘लीड’ या अमेरिकी पद्धतीचं प्लॅटिनम मानांकन मिळवणारी पहिली इमारत ठरलं. पुढे ‘टेरी’ या संशोधन संस्थेनं आपल्या हवामानाला धरून ‘गृह’ ही मानांकन पद्धत उभी केली. पुण्यात हडपसरला ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी केलेला सुझलॉनचा परिसर या दोन्ही मापांवर वरच्या पायरीला पोचला. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ साली आली आणि २०१७मध्ये सुधारली गेली. राहत्या घरांसाठी २०१८मध्ये ‘इको निवास संहिता’ आली. घराच्या भिंती-खिडक्यांतून आत शिरणाऱ्या उष्णतेला तिनं दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली. हे सगळं नसतं, तर ‘इमारत किती वीज खाते’ हा प्रश्न आपल्याकडे विचारलाच गेला नसता. ज्या माणसांनी तो विचारला त्यांचं ऋण मोठं आहे.

पण मापाला बक्षीस जोडलं की काय होतं, तेही पाहायला हवं. महाराष्ट्राच्या २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्या प्रकल्पाला पायरीप्रमाणे तीन, पाच किंवा सात टक्के वाढीव एफएसआय मिळतो. म्हणजे कमी साधनं वापरण्याचं बक्षीस म्हणून जास्त बांधायची परवानगी. हेतू चांगला आहे. बिल्डरला पटेल असं दुसरं चलन शासनाजवळ फारसं नाही, हेही मान्य. तरी त्यातून एक मानसिकता तयार होते. मानांकन हे इमारत पूर्ण होईपर्यंतचं काम ठरतं, गुण जमवायचे आणि फाइल बंद करायची. त्या फाइलीवर बसलेला तरुण सल्लागार वर्षानुवर्षं बिलं, डेटाशीट आणि फोटो गोळा करत राहतो. इमारतीत माणसं राहायला गेल्यावर मीटर काय दाखवतो, हे तिथं जाऊन पाहायची त्याला फुरसतही नसते आणि कुणी पाठवतही नाही. नव्या उमेदीच्या मुलाला आपण याच खुर्चीकडे पाठवत असू, तर त्याला बांधकाम कळण्याआधीच आपण त्याला बांधकामापासून लांब नेतो.

ही तक्रार ऐकली की काही जण दुसऱ्या टोकाला जातात. सिमेंट सोडा, परंपरेकडे चला, माती, दगड, चुना, लाकूड हेच खरं शाश्वत. महाराष्ट्रात हे बोलताना एक तारीख विसरून चालत नाही: ३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. ती ज्या घरांखाली गाडली गेली, ती तंतोतंत ‘स्थानिक साहित्याची, स्थानिक कारागिरांनी बांधलेली’ घरं होती. वावभर लांबून पाहिली तर भक्कम वाटणारी, दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत. पण ती प्रत्यक्षात दोन पापुद्र्यांची. बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मधे दगडगोट्यांची भर, सगळं मातीच्या गाऱ्यात. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड जवळजवळ नाहीतच. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. माळवद गळू लागलं की दरवर्षी थोडी नवी माती टाकायची रीत, त्यामुळे छताची जाडी फूट-दीड फुटावर आणि कित्येक ठिकाणी त्याच्याही पुढे गेलेली. जमीन हादरली तेव्हा भिंतीचे दोन्ही थर दोन बाजूंना फुटले आणि वरचा मातीचा डोंगर खाली आला. ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तिथं काही ठिकाणी भिंती ढासळूनही छत उभं राहिलं आणि माणसं वाचली.

या घटनेतून निघालेला निष्कर्ष बहुतेकांनी एकाच वाक्यात सांगितला: माती-दगडाची घरं मारतात. मराठवाड्याच्या मनातून माती उतरली ती त्या पहाटे, आणि ज्यांनी आपली माणसं ढिगाऱ्यातून काढली त्यांच्याशी यावर वाद घालायचा अधिकार कुणालाही नाही. पण तांत्रिक सत्य थोडं वेगळं आहे. दगड तोच, माती तीच. हरवली होती ती कारागिरी. आरपार दगड घालायचा तो का, कोपऱ्यात दगड एकमेकांत कसे गुंतवायचे, छतावरचं ओझं किती झालं की थांबायचं, हे ज्ञान पिढ्यांमागून पिढ्या झिजत गेलं होतं. गावातल्या गवंड्याच्या मजुरीत त्याची किंमत मिळत नव्हती, आणि कुठल्याही शाळेत ते शिकवलं जात नव्हतं.

पुढे जे झालं ते मला हरित बांधकामाच्या दृष्टीनं आपल्या राज्यातलं फार मोलाचं प्रकरण वाटतं, आणि त्या नावानं त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. त्याखेरीज तेरा जिल्ह्यांत सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि बळकटीकरण झालं, घरमालकांच्या सहभागानं. भिंतीतला एखादा दगड काढून तिथं आरपार भोक पाडायचं, त्यात आकड्याची सळई घालून काँक्रीट भरायचं, की दोन थर एकमेकांना बांधले जातात. माळवदावरची जादा माती उतरवायची. लाकडी सांगाड्याला खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके टेकू द्यायचे. भिंतीला वर पट्टा बांधायचा. ही कामं गवंड्यांना शिकवली गेली. आणि अनुदानाचे हप्ते, साहित्याचा दर्जा, कामाची पद्धत यांवर गावोगावी लक्ष ठेवलं ते गावातल्याच बायकांनी. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं उभ्या केलेल्या या ‘संवाद सहायक’ हजाराहून अधिक गावांत काम करत होत्या. अभियंता नसलेली, शाळेत जेमतेम गेलेली बाई ‘इथं आरपार दगड घातला का?’ असं गवंड्याला विचारू लागली, ही बांधकामातली केवढी मोठी क्रांती होती.

दोन लाख घरं पाडली गेली नाहीत. त्यांच्या जागी दोन लाख नवी घरं बांधायला जेवढं सिमेंट, वीट आणि पोलाद लागलं असतं, ते लागलं नाही. त्या कामात कार्बन हा शब्दही कुणी उच्चारला नसेल. पण एखाद्या तरुणानं मला विचारलं की हरित बांधकाम म्हणजे नेमकं काय, तर मी त्याला काचेची प्लॅटिनम इमारत दाखवण्याआधी औसा-निलंग्याकडची एखादी बळकट केलेली भिंत दाखवीन. उलट, स्थलांतरित गावांत काय झालं तेही दाखवीन. सरळ रस्त्यांची आखीव वसाहत, सुरक्षित घरं, पण उन्हाळ्यात तापणारी आणि गुरं, बलुती, पडवी यांचा विचार न करता बांधलेली. लोकांनी मग पत्र्याचे आडोसे जोडून ती आपल्या सोयीची करून घेतली. सुरक्षितता, गारवा आणि जगण्याची रीत या तिन्हींचा विचार एकत्र व्हायला हवा, हे त्या वसाहती आजही शिकवतात.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्यानं पहिली गोष्ट शिकायची ती ही: भिंत उभी का राहते आणि कधी पडते. उष्णता, वीज, पाणी, कार्बन हे सगळं त्यानंतर. मातीची घरं बांधायची हौस असणाऱ्या मुलांची संख्या आता वाढते आहे, कार्यशाळा होतात, छायाचित्रं छान येतात. त्यांच्या उत्साहाबद्दल मला आदर आहे. पण किल्लारीचं नाव न घेता मातीचं गुणगान करणारी कार्यशाळा अपुरी आहे, असं स्पष्ट सांगायला हवं.

साइटवरून शिकणं म्हणजे काय, याचं उत्तम उदाहरण लॉरी बेकर यांनी घालून दिलं. १९१७ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले बेकर आर्किटेक्चर शिकून भारतात आले. गांधीजींनी त्यांना सांगितलं होतं की घर बांधायचं साहित्य पाच मैलांच्या आत मिळावं. ते त्यांनी आयुष्यभर मनावर घेतलं. त्यांच्या तिरुवनंतपुरमच्या इमारतींत ‘रॅट ट्रॅप बाँड’ दिसतो: विटा आडव्या निजवण्याऐवजी कडेवर उभ्या लावायच्या, मधे पोकळी ठेवायची. साधारण चौथा हिस्सा विटा वाचतात, गारा त्याहून जास्त वाचतो आणि मधली हवा ऊन अडवते. कागदावर हे दहा मिनिटांत समजतं. पण विटा एकसारख्या मापाच्या नसतील, गवंड्याचा हात बसलेला नसेल, तर पोकळीत गारा पडून सगळा फायदा जातो. बेकर गवंड्यांबरोबर साइटवर उभे राहत, तिथंच रेखाटनं करत, कामगाराच्या सूचनेवरून आराखडा बदलत. त्यांच्या कामातून १९८५ साली ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था उभी राहिली आणि तिनं गवंडी घडवले. बेकरांची शैली उचलणारे बरेच झाले. त्यांची ही सवय उचलणारे कमी.

आपल्याकडे वर्ध्याला याच जातीचं काम झालं. सेवाग्रामच्या कुटी १९३६ पासून उभ्या आहेत, त्या मीराबहेन आणि गावच्या कारागिरांच्या हातच्या. १९७६ साली डॉ. देवेंद्रकुमार यांनी दत्तपूरला ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ सुरू केलं. तिथं कुंभाराच्या चाकावरच्या शंकूसारख्या पोकळ कौलांची एकात एक गुंतणारी कमान करून छत उभारायची पद्धत विकसित झाली. सळई नाही, लाकूड नाही आणि कुंभाराला नवं काम. असं काम करायला इंजिनिअर लागतो, कुंभार लागतो आणि दोघांना एकमेकांची भाषा समजावी लागते.

इथं एक रास्त आक्षेप येतो. आईबापांनी पोटाला चिमटा काढून मुलाला शिकवायचं आणि त्यानं साइटवर जाऊन गवंडी व्हायचं? बांधकाम मजुरी आपल्याकडे कुणी आवडीनं निवडत नाही. सकाळी शहराच्या मजूर नाक्यावर उभं राहायचं, मुकादमानं बोट दाखवलं तर काम, नाहीतर रिकाम्या हातानं परत. शेतीच्या खालोखाल सर्वांत जास्त माणसं या धंद्यात आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना कामाचं कुठलंही औपचारिक शिक्षण मिळालेलं नाही. दगड फोडणारे वडार, पाथरवट, बेलदार यांच्या पिढ्यांनी किल्ले, धरणं आणि रस्ते बांधले, आणि त्यांच्या मुलांना या कामातून बाहेर पडावंसं वाटतं यात नवल काय? श्रमाची प्रतिष्ठा म्हणून गळा काढणाऱ्या भाषणांनी त्यांच्या घरात काही पडत नाही.

मी पदवीधरानं गवंडी व्हावं असं म्हणत नाही. डॉक्टरकीचं शिक्षण वॉर्डात पाऊल टाकल्याशिवाय पूर्ण होत नाही, तसं हरित इमारतीचं शिक्षण साइटशिवाय पूर्ण मानू नये, एवढंच म्हणतो. पदवीनंतरची पहिली दोन वर्षं सल्लागाराच्या ऑफिसात न घालवता साइटवर घालवावीत: काँक्रीटची गाडी आली की स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे ते, मोजावा, वीट भिजवली आहे का पाहावं, खिडकीवरचा छज्जा नकाशाप्रमाणे दोन फूट आहे की पैसे वाचवायला सव्वा फुटावर आला, हे टेप लावून बघावं. पश्चिमेच्या भिंतीला मे महिन्यात दुपारी चार वाजता हात लावावा. ज्याला हे कळलं, तो पुढे अहमदाबादच्या ‘सेप्ट’मध्ये इमारतींच्या ऊर्जेचं पदव्युत्तर शिक्षण घेवो, केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची (बीईई) एनर्जी ऑडिटरची परीक्षा देवो किंवा मानांकनाची, त्याच्या संगणकातल्या आकड्यांना वजन येईल.

आणि उलट दिशेचा प्रवास त्याहून महत्त्वाचा आहे. जो आज गवंडी, प्लंबर, वायरमन, सेंटरिंगवाला आहे, त्याला वर चढायला शिडी हवी. आयटीआयमध्ये गवंडीकामाचा अभ्यासक्रम आहे, पण मुलांची रांग असते इलेक्ट्रिशियन आणि फिटरच्या ट्रेडला. अनुभवाला प्रमाणपत्र देणारी सरकारी योजनाही आहे. मात्र प्रमाणपत्र मिळालं म्हणून रोजंदारी वाढत नसेल, तर एका दिवसाची मजुरी बुडवून ते घ्यायला कोण येईल? झारखंडमध्ये शौचालयं आणि घरकुलांच्या कामात बायकांना प्रशिक्षण देऊन ‘रानी मिस्त्री’ केलं गेलं. डोक्यावर घमेलं वाहणाऱ्या बाईच्या हातात थापी आली, की तिची मजुरी आणि तिचं साइटवरचं स्थान दोन्ही बदलतात. आपल्या साइटवर बायका निम्म्या पगारात बिगारी म्हणूनच म्हाताऱ्या होतात. हरित रोजगाराच्या गप्पांत त्यांचा विचार नसेल, तर त्या गप्पांना मी फार किंमत देणार नाही.

यंत्रं येतील, प्रीकास्टच्या भिंती कारखान्यातून येतील, मग गवंडी उरणार कुठं, असंही विचारलं जातं. नव्या टॉवरमध्ये कदाचित तो कमी उरेल. पण पुढच्या काही दशकांतलं सगळ्यात मोठं काम नव्या टॉवरमध्ये नाहीच. ते आज उभ्या असलेल्या इमारतींत आहे. राज्यभरच्या सोसायट्या, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, तहसील कचेऱ्या, चाळी. त्यांची गळती, त्यांची तापणारी छतं, त्यांचे जुने पंप. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्याला विचारा, एप्रिलमध्ये रात्री अकरा वाजता स्लॅब किती तापलेला असतो. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आणि त्यावर पांढरी चायना मोझॅक ही आपल्याकडची जुनी, साधी रीत. कोबा पाणी अडवतो, पांढरा तुकडा ऊन परतवतो. हे काम नीट करणारे मिस्त्री आता शोधावे लागतात, कारण ते शिकवणारं कुणी नाही.

एसीचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. २०१९च्या राष्ट्रीय कूलिंग कृती आराखड्यात सर्व्हिसिंग क्षेत्रातल्या एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं उद्दिष्ट होतं. एवढा भर का? घरगुती स्प्लिट एसीत किलोभर वायू असतो. तो आर-४१०ए असेल, तर एक किलो हवेत सुटणं म्हणजे तापमानवाढीच्या दृष्टीनं सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडणं; आर-३२ असेल तरी पावणेसातशे किलोच्या घरात. भाड्याचं घर बदलताना एसी काढायला येणारा मुलगा घाईत नळी मोकळी करतो आणि तो वायू फुस्स करून निघून जातो. ज्याला पंप लावून वायू परत सिलिंडरमध्ये घेता येतो, नळीचा सांधा नीट जोडता येतो, तो एका दुपारच्या कामात हवेचं जे भलं करतो, त्याची कुठल्याही मानांकनात नोंद होत नाही. आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड हा आजघडीला सर्वांत थेट हरित अभ्यासक्रमांपैकी एक आहे, असं मी ठामपणे म्हणेन. दहावीच्या मुलाला हे कुणीतरी सांगायला हवं.

मोठ्या इमारतींत हेच काम मोजणीचं होतं. हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसनं २०११च्या सुमारास एकाच इमारतीचे दोन सारखे भाग केले. एका भागात उत्तम दर्जाचं पण नेहमीच्या पद्धतीचं वातानुकूलन बसवलं, दुसऱ्यात स्लॅबमधल्या नळ्यांतून थंड पाणी फिरवलं. दोन वर्षं दोन्हींचे मीटर वाचले. दुसऱ्या भागाला ३४ टक्के कमी ऊर्जा लागली. या प्रयोगात मला नळ्यांपेक्षा मोलाचं वाटतं ते दोन वर्षं मीटर वाचत राहणं. आपल्याकडे किती इमारतींच्या वीजबिलांचा असा अभ्यास होतो? फॅसिलिटी मॅनेजर, मेंटेनन्स इंजिनिअर, सोसायटीचा सेक्रेटरी या माणसांच्या हाती इमारतीचं अर्धंअधिक आयुष्य असतं. सिव्हिलच्या पदविकाधारकानं दहा सोसायट्यांचे पंप, गच्च्या, टाक्या आणि बिलं वर्षभर सांभाळायचं काम घेतलं, तर तो स्वतःचा व्यवसाय उभा करू शकतो. मुंबई-पुण्यात पुनर्विकासाची लाट अशी आहे की तिशी-चाळिशीतली इमारत पाडणं हाच एकमेव मार्ग वाटू लागला आहे. जिथं सांगाडा खरोखर मोडकळीला आलाय तिथं पाडावीच लागेल, माणसांच्या जिवापुढे कार्बनचा हिशेब दुय्यम. पण स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्याला ‘ही दुरुस्त होऊ शकते’ असं लिहायचं धैर्य आणि ते करून दाखवायला कुशल हात, हे दोन्ही मिळाले तर कितीतरी इमारती वाचतील.

शासनाच्या बाजूनं दोन जागा आहेत जिथून हे सगळं हलू शकतं, आणि दोन्ही कंटाळवाण्या असल्यामुळे त्यांच्यावर कुणी भाषण करत नाही. पहिली, दरसूची. सरकारी शाळेची खोली, अंगणवाडी किंवा आरोग्य केंद्र बांधायचं तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा अभियंता दरसूचीतल्या ओळी घेऊन अंदाजपत्रक करतो. ज्या कामाची ओळ आणि दर सहज सापडत नाही, ते काम तो करत नाही. वेगळं दर-विश्लेषण मंजूर करून घ्यायचा आणि पुढे लेखापरीक्षणात उत्तरं द्यायची जोखीम त्यानं का घ्यावी? पोकळी-भिंत, चुन्याचा गिलावा, दाबून केलेल्या मातीच्या विटा, पांढरी परावर्तक गच्ची, जुन्या दगडी भिंतीचं बळकटीकरण, या प्रत्येकाला प्रमाणित गवंड्याच्या मजुरीसह स्वच्छ ओळ मिळाली, तर तालुक्यातालुक्यात त्या कामाची मागणी तयार होईल आणि मागणी आली की शिकायला माणसं येतील.

दुसरी जागा आहे बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. १९९६च्या कायद्यानं आणलेला बांधकामाच्या खर्चावरचा एक टक्का उपकर जमा होतो, तो या मजुरांच्याच नावाचा पैसा. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला दिला की मजुराची नोंदणी होते. त्या नोंदणीत त्याला काय येतं याचा रकाना असावा, ते तपासणारी आणि वाढवणारी शिबिरं साइटजवळच व्हावीत, आणि शिबिराच्या दिवसांची पूर्ण मजुरी उपकरातून मिळावी. मग त्या दाखल्यावर दरसूचीतला वरचा दर लागू व्हावा. किल्लारीच्या भूकंपानंतर कर्ज, अनुदान, गवंड्यांचं प्रशिक्षण आणि गावच्या बायकांची देखरेख हे सगळं एकत्र आणायला या राज्याला काही वर्षं पुरली होती. तेव्हा इमारती पडल्या होत्या म्हणून घाई होती. यंदाच्या मे महिन्यात पत्र्याखाली आणि तापलेल्या स्लॅबखाली झोपणाऱ्यांसाठीही तेवढीच घाई आहे.